नव्या वस्तऱ्याचा पहिला पट्टा

हत्यारांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. हैबती न्हाव्यानं नवा वस्तरा परजायला जुन्या खोगिराच्या चामड्याचा स्वस्तातला पट्टा आणला.

बाहेर नवरदेव गाल भिजवून खोळंबला होता. वस्तरा धुसफुसला, "मला हे असलं कातडं? बाजारातला तो गुळगुळीत, महागडा पट्टा का नाही घेतला?"

"आधी यावर शीक," हैबती म्हणाला. "आणि वळताना पाठीवर वळ, धारेवर नको."

वस्तऱ्याला दम कुठला! सपासप फिरला नि घाईघाईत धारेवरच वळला. पट्ट्याला वीतभर चीर गेली.

वस्तरा ओशाळला. "फार लागलं का रे?"

"माझं सोड, मी स्वस्तातला आहे," पट्टा म्हणाला. "नवरदेवाचा गाल नाही."