नाचरा घोडा

रानाच्या कडेच्या एका गावात एक पांढरा घोडा होता. लग्नसराईत नवरदेवाला पाठीवर घेऊन मिरवायचे, एवढेच त्याचे काम. बाशिंग बांधलेल्या नवरदेवाकडे सगळे बघत, घोड्याकडे मात्र कुणी बघत नसे. एके दिवशी त्याच्या पुढच्या पायात, नाल आणि खूर यांच्यामध्ये, वाटाण्याएवढा खडा अडकला. पाय टेकला की कळ येई आणि तो मान झटकन वर उडवी. वरातीतले लोक ओरडले, "अरे, घोडा नाचतोय!" शिट्ट्या वाजल्या, बाया-पोरे त्याला पाहायला धावली. मुलांनो, बिचारा तेव्हाच हरभऱ्याच्या झाडावर चढला.

त्याच्या पाठीवरचे किडे टिपणारी एक साळुंकी होती. ती म्हणाली, "घोडेदादा, हे नाचणे नव्हे, लंगडणे आहे. खूर उचल, मी चोचीने खडा काढते."

"नको गं बाई," घोडा म्हणाला. "इतकी वर्षे नीट चाललो, तर कुणी ढुंकून पाहिले नाही. आता कुठे माझे कौतुक होते आहे. एवढी लग्नसराई जाऊ दे."

साळुंकी रोज विनवी आणि घोडा रोज तेच उत्तर देई. मालकाला तर नाचऱ्या घोड्यासाठी लांबलांबची बोलावणी येऊ लागली, तो कशाला पाय तपासतो! खडा तळव्यात रुतत गेला, आत पू झाला. शेवटच्या वरातीत घोडा तीन पायांवर उड्या मारू लागला, तेव्हा तर टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांतच तो कोसळला. मग वरातीमागून घोडे म्हणतात तसा नालबंद आला. त्याने नाल उपटली, खडा टपकन खाली पडला. खूर दाबून पाहत तो म्हणाला, "मालक, पू हाडापर्यंत गेलाय. हा पाय आता जमिनीला लागायचा नाही."

मालकाने त्याला माळावर सोडून दिले आणि दुसरा घोडा आणला. आपला पांढरा घोडा माळावरच पडून राहिला, अंगावर माशा घोंगावू लागल्या. एक दिवस लांबून वाजंत्री ऐकू आली. त्याने उठायची धडपड केली, पण पाय हलेना. तो कळवळून म्हणाला, "साळुंके, काढ गं तो खडा!"

साळुंकी रडू लागली. काढायला आता खडाच उरला नव्हता.

तात्पर्य : ज्या दुखण्याची वाहवा होते, त्याला वेळेवर औषध मिळत नाही.