सलाईनच्या खोक्यांची दोरी

चालू जीपचं इंजिन एकदम बंद झाल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. भूकंपग्रस्तांसाठी सलाईनच्या काचेच्या बाटल्या घेऊन आम्ही निघालो होतो. मी मागे, हमाल म्हणून. मदत पथकाच्या साहेबांनी सीटचा पट्टा बांधला नाही, म्हणून ड्रायव्हर गुलाबभाईंनी घाटाच्या तोंडाशीच गाडी थांबवली.

"घाट रोजचाच आहे, काही होत नाही," साहेब खेकसले. "निघतोस, की उद्यापासून घरी बसतोस?"

"निघतो की," म्हणत गुलाबभाई मागे आले आणि खोक्यांची दोरी सोडू लागले.

साहेब धावत आले. "अरे, फुटतील त्या!"

"घाट रोजचाच आहे ना, साहेब?"

"एका खड्ड्यात काचा होतील!"

गुलाबभाईंनी दोरी पुन्हा आवळली. "बाटली दुसरी मिळते, साहेब. माणूस कुठून आणू?"

साहेब आपल्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी पट्टा ओढून बांधला.