लिनाऊच्या ढालीवरचं फावडं

सन १७११. मार्चची नऊ तारीख, हिवाळा सरत आलेला. जर्मनीतल्या आमच्या लिनाऊ गावाच्या वरच्या अंगाला बर्फ फुटला आणि नदी एका सकाळीत चढली. मधल्या बेटावर छपरांसाठी बोरू कापायला गेलेली एकोणीस माणसं अडकली. त्यांत भट्टीवाल्या गेशेबाईचा नवराही होता.

नावाडी होता डिर्क. त्याची नाव शाबूत होती, पण पहिल्याच हिमखंडाने वल्ह्याचे दोन तुकडे केले.

गेशेबाई तेव्हा भट्टीतून पाव काढत होती. लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन ती तशीच काठावर आली.

"नावाडी ना रे तू? मग उभा काय राहिलास?"

"वल्हं मोडलं. आता काय तुमच्या फावड्याने वल्हवू?"

"वल्हव. पण परत आणून दे. एकच आहे माझ्याकडे."

"आणून देतो," डिर्क म्हणाला.

फावडं अजून गरम होतं. ते टेकेल तिथला बर्फ विरघळला, असं म्हणतात. नदीभर ताज्या पावाचा वास सुटला, असंही म्हणतात.

डिर्कने चार खेपा केल्या. पाचवी खेप काठाला लागली तोच घराएवढा हिमखंड आला. डिर्कने फावडं त्याला टेकवलं आणि रेटून धरलं. सगळ्यांत शेवटी गेशेबाईचा नवरा उतरला. एकोणीस पुरे झाले. मग डिर्क, नाव आणि फावडं, तिन्ही गेली.

गेशेबाईने कधी काही मागितलं नाही. पण डिर्कने शब्द दिला होता, आणि तो आमच्या माणसांसाठी दिला होता.

पुढे गावाला स्वतःचं मानचिन्ह हवं झालं, आमच्याकडच्या रीतीने ढालीवर काढलेलं. शहरातल्या चित्रकाराने ढालीवर नाव काढली आणि वल्हं काढलं. आम्ही चित्र तीनदा परत पाठवलं.

"वल्ह्याचं पातं असं चौकोनी नसतं," तो चिडून म्हणाला.

"ते वल्हं नाहीच," आमचे म्हातारे म्हणाले.

आता फावडं ढालीवर नीट आहे. झेंडा निळा आणि पांढरा. निळं पाणी, पांढरं पीठ. बाहेरचे लोक हसतात. हसू देत.

दर नऊ मार्चला गावातला सर्वांत वयस्कर माणूस नवं फावडं घेऊन भट्टीच्या दारात जातो. गेली सहा वर्षं मी जातो.

"डिर्कने पाठवलंय."

आताची भट्टीवाली पात्यावरून हात फिरवते.

"मिळालं," म्हणते, आणि दार लावते.