खिडकीतली ज्वारी

खेमाजीच्या शेतातली ज्वारी पिकून काढणीला आली, आणि नेमका तेव्हाच राजाचा हुकूम आला: एकही कणीस कापायचं नाही!

कारण काय, तर चित्र! शेताच्या बांधाला लागूनच राजाची चित्रशाळा होती. तिच्या माडीवर बसून भानजी चिताऱ्यानं खिडकीतून दिसणारं हे शेत रंगवलं होतं. माणूस मोठा कसबी, पण शेतात कधी उतरला नाही. पायाला माती लागते ना! चित्रासाठी फळीसुद्धा त्यानं अगदी खिडकीच्या मापाची घेतली. चित्र असं काही उतरलं, की राजा बघतच राहिला. त्यानं लगेच व्याह्यांना सांगावा धाडला, "पुनवेला या. खिडकीतलं शेत आणि भिंतीवरचं चित्र, यातलं खरं कुठलं ते ओळखून दाखवा!"

पुनवेला अजून महिना होता. तोवर दाणा गळणार, उरलेला पाखरं नेणार. मग वर्षभर खायचं काय? खेमाजी डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक बायजा मात्र पदर खोचून थेट राजापुढं जाऊन उभी राहिली.

"महाराज, पिकलेली ज्वारी थांबत नाही हो."

"का थांबत नाही? चित्रातली थांबलीय की!"

भानजीनं मान डोलावली. "माझ्या चित्रातला एक दाणा गळलेला नाही अजून."

"ऐक पोरी," राजा म्हणाला, "पुनवेला खिडकीत चित्रासारखं दिसलं नाही, तर शेत सरकारजमा!"

बायजानं जरा विचार केला. "पाहुण्यांना घेऊन आपण शेतात उतरणार का, महाराज?"

"ढेकळांत? आम्ही? छे! खिडकीत चित्रासारखं दिसलं, की आमचं काम झालं. मग शेतात तू नाच नाहीतर झोप!"

"बरं. मग चित्रशाळेची झाडलोट तेवढी मला द्या. खिडकीवर धूळ बसली, तर शेत मळकं दिसायचं आणि बोल मला लागायचा."

"दिली!"

पुनवेला राजा व्याह्यांना घेऊन माडीवर आला. दोघं खिडकीपासून लांब, गादीवर लोडाला टेकले. भिंतीवरच्या चित्रावर जरीचा पडदा सोडला होता. बायजानं हलकेच खिडकीची कवाडं उघडली.

"वाहवा!" राजा म्हणाला.

व्याही डोळे चोळत राहिले. "बाहेर एवढा वारा सुटलाय, आणि एक कणीस हलत नाही!"

"हलेल कसं? हुकूम आहे आमचा!"

भानजीनं डोळे बारीक करून खिडकीकडं पाहिलं. "शेत बरं राखलंय. पण माझ्या चित्राची सर नाही, महाराज. पिवळा जरा फिकाच. आणि हे बगळे बघा! माझे बगळे कसे डौलदार आहेत!"

"ताडूनच बघू," व्याही म्हणाले. "काढा तो पडदा!"

बायजानं पडदा ओढला. मागं कोरी भिंत आणि दोन खिळे!

"चित्र कुठं गेलं?" राजा ओरडला.

"कुठं जाईल महाराज? मघापासून तेच तर बघताय." बायजानं खिडकीत बसवलेली फळी उचलून बाजूला ठेवली. खाली शेतात नुसती धसकटं होती, कडब्याची गंजी होती आणि हात जोडून उभा असलेला खेमाजी होता. ज्वारी केव्हाच कणगीत जाऊन पडली होती.

राजाचा चेहरा लाल झाला. "हुकूम मोडलास!"

"मोडला कुठं? खिडकीत चित्रासारखं दिसायला हवं होतं. चित्रासारखं चित्राइतकं दुसरं काय दिसणार? मला तरी तसंच वाटलं होतं. पण भानजीबाबा म्हणतात, त्यातही फरक आहे. आता चित्रच चित्रासारखं दिसेना, तर बिचाऱ्या ज्वारीनं काय करावं?"

व्याही फिसकन हसले. भानजी रंगाच्या वाट्या पुसायला लागला. राजानं एकदा चिताऱ्याकडं पाहिलं, एकदा धसकटांकडं पाहिलं, आणि असा हसत सुटला की फेटा कानावर आला.

"हरलो पोरी! शेत तुमचंच. शिवाय या खिडकीतून शेतापलीकडचा सरकारी माळ दिसतो ना, जेवढा दिसेल तेवढा तुला दिला!"

बायजा खिडकीशी गेली. डावीकडं वाकून पाहिलं, उजवीकडं वाकून पाहिलं.

"महाराज, गवंडी बोलवायचा का? खिडकी फारच अरुंद आहे हो!"

राजा पोट धरून पुन्हा हसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी हजर झाला.