शिसवीची मूठ

हत्यारं माणसांसारखी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. सकाळ नेहमीचीच होती. खोपटात विळा धार गेल्याची तक्रार करत होता. तेवढ्यात झारी बागेतून परत आली आणि म्हणाली, "मालक गेले. आंब्याखाली बसले होते, तसेच."

घडीचा चाकू मिटूनच राहिला. मालक म्हणजे कलमं बांधणारा भागोजी. त्याचा अंगठा वाकडा होता. म्हणून त्याने चाकूची विकतची मूठ काढून शिसवीची बसवली होती आणि अंगठा टेकेल असा खळगा तिच्यात कोरला होता.

पुढे कलमांचे दिवस आले. भागोजीची बायको यमुना चाकू घेऊन बसली. खळग्यात तिचा अंगठा बसेना. पातं निसटलं, अंगठा कापला, कलमाची काडी वाया गेली.

"शाबास रे," विळा म्हणाला, "मालकिणीलाच?"

कानस म्हणाली, "तिच्या हाती लागले तर मूठ घासून सपाट करीन. आडवा येऊ नकोस."

"तिथं त्यांचा अंगठा असायचा, ताई," चाकू म्हणाला.

"असायचा. आता तिचा आहे, आणि त्यातून रक्त येतंय."

चाकू पातं मिटून बसला. मग म्हणाला, "घास."

दुसऱ्या दिवशी यमुनाने कानस उचलली, मुठीला टेकवली. खळग्यावरून एकदा बोट फिरवलं. मग कानस खाली ठेवून तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि तोच चाकू उघडून नवी काडी तासायला घेतली.

त्या मोसमातली कलमं बांधून झाली. मूठ घासायची राहिली.