तिसरा जबडा

एका राज्यात मेघकेतू नावाचा राजा होता. मनाने चांगला, पण लहानपणी गुरुजींनी त्याला चारचौघांत ‘गाढव’ म्हटले होते, ते काही त्याच्या मनातून जाईना. म्हणून गादीवर बसला त्याच दिवशी त्याने हुकूम काढला, की हा शब्द जो उच्चारील त्याची जीभ छाटावी. तेव्हापासून कुंभारसुद्धा आपल्या जनावराला ‘लांबकान्या’ म्हणू लागले. हुकूम मागे घ्या, असे सांगायलाही कोणी धजेना. कारण कोणता हुकूम ते सांगावे लागले असते!

पुढे काय झाले, झोळीनाथ नावाचा मांत्रिक गाढवावर बसून दरबारी आला. त्याला आत आसन मिळाले, गाढवाला वेशीबाहेर उन्हात बांधले. ज्याचे नाव घ्यायची सोय नाही, त्याच्यासाठी पाणी मागणार कोण? सभा उठली तेव्हा गाढव मरून पडले होते. झोळीनाथ मोठ्याने रडला आणि त्याने झोळी झटकली. राज्यातल्या एकूण एक जनावराची हाडे झाली, ती उडत आली आणि राजवाड्यापुढे त्यांचा डोंगर झाला.

डोंगरावर एक साळुंकी येऊन बसली. म्हणाली, “मी तीन जबडे दाखवीन. राजासमोर तिन्ही ओळखा, शाप उतरेल. जो चुकेल त्याचा वरवंटा होईल.”

सात पंडित पुढे झाले आणि सातही चुकले. राणी संसारी बाई. तिने सातही वरवंटे मुदपाकखान्यात नेऊन चटणीला लावले.

पाच वर्षे गेली. माणसे स्वतःच्या खांद्यावर जू घेऊन नांगरू लागली, मुले दुधाची चव विसरली. मग एके सकाळी कोंडाई आली. बैलबाजारात जनावराचे तोंड उघडून, दात पाहून त्याचे वय सांगणे हा तिचा धंदा. आता बाजार नव्हता, आणि तिने हाताने वाढवलेला पवळ्या बैल त्या डोंगरात कुठेतरी पडला होता.

राजाने विचारले, “बाई, बक्षीस काय मागतेस?”

“माझा पवळ्या द्या, महाराज. दुसरं काय करायचंय मला?”

साळुंकीने पहिला जबडा टाकला. हातभर लांब, बाहेर आलेले सुळे. तीन पंडितांनी त्याला वाघ म्हटले होते. कोंडाईने सुळ्यांकडे पाहिलेच नाही. आत बोट घालून दाढा चाचपल्या. “मांस फाडणाऱ्याची दाढ कात्रीवाणी असती. ही तर चघळायची, गाठीगाठीची. रानडुक्कर हाय.”

“बरोबर,” साळुंकी म्हणाली.

दुसरा जबडा चिमुकला. दोन पंडितांनी त्याला घूस म्हटले होते. कोंडाईने तो उन्हात धरला. “वरच्या पुढल्या दातांमागं आणखी दोन इवले दात दडलेत. घुशीला नसतात. हा ससा.”

“बरोबर.”

तिसरा जबडा सोन्याच्या तबकात आला. उरलेल्या दोघा पंडितांनी त्याला घोडा म्हटले होते. कोंडाईने तो पाहिला, दाढांच्या माथ्यावरून नख फिरवले आणि मटकन खाली बसली.

“ओळखला नाही का?” राजाने विचारले.

“ओळखला, म्हणून तर बसले.” तिने जबडा राजापुढे धरला. “महाराज, दाढेवरची नक्षी बघा. या दोन वाटोळ्यांमधली खाच. घोड्याची पसरट असती, ही टोकदार. खोटं बोलले तर वरवंटा, खरं बोलले तर जीभ जाती. जीभ गेली तर पवळ्याला हाक कशी मारू?”

तिला भीती वाटली, आणि भयंकर वाटली. मग तिने डोळे मिटून “पवळ्या! पवळ्या!” अशी पोटभर हाक मारून घेतली. आणि उभी राहून खणखणीत म्हणाली, “गाढव!”

“बरोबर!” साळुंकी ओरडली. जल्लादाने सुरी उपसली.

राजा त्या टोकदार खाचेकडे पाहतच राहिला होता. “सुरी ठेव,” तो म्हणाला. “गाढवाला गाढवच म्हणाली ना ती?”

जल्लाद घाबरून म्हणाला, “महाराज, मग आता जिभा दोन झाल्या.”

राजाला असे हसू फुटले की मुकुट घरंगळला. तेवढ्यात तबकातला जबडा हलला, त्यामागे मान आली, कान आले आणि असा काही ओरडा झाला की सगळा डोंगर उठून उभा राहिला. घोडे, म्हशी, शेळ्या, ससे वाट फुटेल तिकडे धावले. झोळीनाथ कुठूनसा येऊन गाढवाच्या गळ्यात पडला, आणि राजाने स्वतः बादली भरून आणली.

मुदपाकखान्यातून सात पंडित आले, अंगाला लसणाच्या चटणीचा वास. त्यांतले दोघे म्हणाले, “आम्हालाही ठाऊक होते.”

“मग बोलायचे होते,” साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

कोंडाईकडे मात्र कोणी आले नाही. धूळ बसली, अंगण रिकामे झाले. तिने हाक मारली. मागून तिच्या पाठीला ओले नाक लागले.

सवयीने तिने त्याचे तोंड उघडले. गेला तेव्हा चार दातांचा होता, आजही चारच. पाच वर्षे त्याला लागलीच नव्हती. मग पवळ्याने तिचे तोंड हुंगले, तिथले पुढचे दोन दात पडलेले.

“मोज, बाबा, मोज,” कोंडाई रडत-हसत म्हणाली, “आता माझं वय तू सांग.”

पवळ्याने तिचा गाल चाटला. जशी तिची हाक पोहोचली, तशी तुमची-आमची पोहोचो.