पाय न टेकता

सांगा, जो अवघा घाट पाय न टेकता चढला, तो वर पोचला असे म्हणावे काय?

उत्तराची घाई नको. घाई विश्वंभराने केली होती.

“महाराज, आज तरी देणार ना?”

खांडजाईच्या घाटाच्या पायथ्याशी उभा राहून तो विचारीत होता. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. सायकल नवी, हलकी, गिअरची. अंगातले बळही नवेच.

सत्त्वगिरी महाराज आपल्या काळ्या, जुन्या सायकलीचे चाक अंगठ्याने दाबून हवा पाहत होते.

कार्तिक सरला की महाराज सायकलीवरून त्या डोंगराळ खोऱ्यातल्या वाड्यावस्त्या फिरत. संध्याकाळी देवळात निरूपण, सकाळी पुढचे गाव. विश्वंभर कऱ्हाडच्या एका महाविद्यालयात गणित शिकवी. पाठांतराचा पक्का, नेमाचा कडक. महाराजांच्या मुखातून मंत्र मिळावा, त्यांचा अनुग्रह व्हावा, म्हणून तो यंदा त्यांच्यासोबत निघाला होता. ती आस खरी होती. पुढचे ऐकताना हे विसरू नये.

“काय देणार?” महाराजांनी विचारले.

“अनुग्रह. आपण म्हणाला होता, खांडजाईच्या देवळापाशी बोलू.”

“मग देवळापाशी बोलू.”

“मी हा घाट पाय न टेकता चढेन, महाराज. व्रत समजून.”

“कोणी सांगितले हे व्रत?”

“माझे मीच घेतले.”

“असे…” महाराज म्हणाले. “हो पुढे. मी मागून येतो.”

विश्वंभर निघाला.

घाट निर्दय होता. वळणामागे वळण, चढावर चढ. मांड्या पेटल्या, घसा कोरडा पडला. परंतु त्याने पाय टेकला नाही. ओठांवर नामस्मरण होते. चित्तात मात्र वरचे देऊळ, वरचा पार, आणि महाराज येतील तेव्हा सांगायचे वाक्य होते. ते वाक्य त्याने वाटेत अनेकदा घोळवले.

उंबराच्या वळणावर एक बाई बसली होती. शेजारी जळणाची मोळी, हातात चुंबळ, कमरेला कोयता.

“पाव्हनं, वाईच हात लावतासा का?”

डोंगरात ही हाक सर्वांना कळते. मोळी एकदा जमिनीवर ठेवली की ती एकट्याने पुन्हा डोक्यावर चढत नाही. दुसऱ्याने हात लावावा लागतो. वाटेने जाणारा थांबतो, हात लावतो, आणि चालू लागतो. नाव कोणी विचारीत नाही.

विश्वंभराची गती मंदावली. डावा पाय पेडलवरून किंचित सुटलाही.

पण अर्धा घाट मागे पडला होता.

“मागून महाराज येताहेत,” तो म्हणाला. “ते लावतील.”

“लेक बाळंतीण हाय वो घरात. पानी तापवायचं खोळंबलंय…”

पुढचे शब्द त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. तो वळण पार करून गेला होता.

व्रताला डोळे नसले की ते वाटेतला माणूस पाहत नाही. केवळ वाट पाहते.

देवळासमोर पोचून मगच त्याने पाय टेकला. पायरीला हात लावला, तो कपाळी नेला, आणि पारावर बसला. हवेत गारवा होता. खाली सारे खोरे उन्हात उघडे पडले होते. त्याला वाटले, देव प्रसन्न आहे.

महाराज येईनात.

ऊन पारावरून उतरले, पायऱ्यांवर गेले. अखेर वळणावर भगवी कफनी दिसली. महाराज पायी येत होते, सायकल हाताने ढकलीत. हँडलला एक कोयता अडकवलेला होता. कफनीच्या बाहीला सालपटे चिकटली होती.

विश्वंभराने दोन्ही पाहिले. पण त्याला आधी घोळवलेले वाक्य सांगायचे होते.

“एकदाही नाही, महाराज!”

“काय एकदाही नाही?”

“पाय टेकला.”

“बरे.” महाराज पारावर बसले. मग त्यांनी विचारले, “वाटेत कोण भेटले?”

विश्वंभर थबकला. त्याला आठवले, म्हणूनच तो थबकला.

“कोणी नाही, महाराज. उंबरावर वानरे होती तेवढी.”

महाराजांनी डोळे मिटले.

देवळाची घंटा वाऱ्याने हलकीच वाजली. आणि वळणावरून, डोक्यावर मोळी तोलीत, ती बाई वर आली. सारजाबाई तिचे नाव. घाटापलीकडच्या वाडीत ती राहत असे.

“अगं बया! ह्योच की त्यो. चाकावरचा पाव्हना!”

विश्वंभराचे कान तापले.

“ओळखता का याला, बाई?” महाराजांनी विचारले.

“वळखायचं काय त्यात? आमच्या म्हशीनंबी मान वळवून बगितलं आसतं. ह्येनं न्हाई.”

विश्वंभर उठला. हात जोडून महाराजांसमोर उभा राहिला.

“महाराज, चुकलो.”

“कोणाला सांगतोस? वाटेत तर कोणी नव्हते.”

तो सारजाबाईकडे वळून म्हणाला, “मोळी मी नेतो. घरापर्यंत.”

“न्या की!” तिने मान तिरकी केली आणि मोळी धाडकन जमिनीवर टाकली. चुंबळ त्याच्या हाती दिली. “लवकर उचला. पानी तापायचं हाय.”

विश्वंभर वाकला. जो घाट चढला, त्याला मोळीचे काय? त्याने ती गुडघ्यापर्यंत उचलली. छातीपर्यंत आणली. पुढे मोळी जाईना. दोर हातात रुतला, चुंबळ डोक्यावरून घरंगळली, मोळी पुन्हा खाली आली.

त्याने पुन्हा जोर केला. मोळी पुन्हा खाली.

सारजाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती.

“महाराज, आपण जरा…”

महाराजांनी पुन्हा डोळे मिटले होते. बोटांत माळ फिरत होती.

विश्वंभर उभा राहिला. घाम गळत होता. घाटात गळला त्याहून अधिक. समोर ती बाई होती. मागायचे ते तिच्याकडेच मागायचे होते, आणि तेच शब्द वापरून.

त्याने चुंबळ उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली.

“बाई…” तो म्हणाला. “जरा हात लावता का?”

सारजाबाईने पदर खोचला. घाटाच्या वळणाकडे निवांत नजर टाकली.

“मागनं कोन म्हाराज येत्यात का बगा की. त्ये लावतील!”

विश्वंभराने मान खाली घातली.

मग ती हसली. मोठ्याने, मोकळे हसली. पुढे आली, मोळीच्या एका बाजूला हात घातला, आणि म्हणाली, “उचला. हां… आता पाय टेकून चाला.”

मोळी डोक्यावर बसली.

मान ताठ झाली. वळून पाहता येईना. नवी सायकल मागे राहिली, आणि ती कशी आणावी हेही त्याला विचारता येईना. सारजाबाईनेच तिचे हँडल धरले. खोंडाला कासऱ्याने ओढावे तशी ती तिला ओढीत निघाली, आणि चाकाची टकटक ऐकून दर वळणाला तिला दटावीत राहिली.

महाराज सर्वांच्या मागे होते.

पलीकडचा उतार संपला. वाडी आली. अंगणात मोळी उतरली. चुलीत लाकूड सरकले, धूर झाला, मग जाळ झाला. आतून तान्ह्या जिवाचे रडणे ऐकू आले. पाणी तापले, आणि काही वेळाने ते रडणे थांबले.

विश्वंभर अंगणात बसून ते ऐकत होता. मान दुखत होती. खांद्यावर सालपटे होती. ती झटकायची त्याला इच्छा झाली नाही.

सारजाबाईने गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवले.

“घ्या. नात झालीया आमाला. तोंड गोड करा.”

त्याने गूळ तोंडात घातला. मग उठला आणि तिच्या उंबरठ्यावर माथा टेकला.

“आवो, ह्ये काय करतासा!” ती मागे सरली.

तो महाराजांकडे आला.

“महाराज, मी खोटे बोललो.”

“हो.”

“मला दंड द्या.”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिले. दृष्टी कठोर होती. तिच्यात राग नव्हता.

“आजचा अनुग्रह गेला.”

विश्वंभराने मान लववली.

“यापुढे या प्रवासात उतार आला तर सायकलीवर बस. चढ आला तर खाली उतर. पाय टेकून, सायकल हाताने ढकलीत चढायचे. वाटेत जो हाक देईल त्याला हात लावायचा. आणि रोज एकदा, तुला एकट्याला न पेलणारे काही उचलायचे.”

“एकट्याला न पेलणारे… मग ते उचलणार कसे, महाराज?”

महाराजांनी सारजाबाईकडे पाहिले.

विश्वंभराला उत्तर कळले. हा दंडाचा सर्वांत जड भाग होता. तो त्याने त्या प्रवासात अखेरपर्यंत भरला. ज्यांना त्याने कधी नमस्कारही केला नसता, त्यांच्यापुढे उभे राहून, रोज.

परंतु ते पुढचे. त्या दिवशी वाडी सुटली आणि लगेच नवा चढ लागला. महाराज सायकलीवर बसले. म्हातारे पाय सावकाश फिरू लागले. विश्वंभर खाली उतरला आणि हँडल धरून चालू लागला. अंतर वाढत गेले. भगवी कफनी वळणाशी पोचली, तेव्हा त्याला राहवले नाही. त्याने खालून हाक दिली.

“महाराज! अनुग्रह… येईल ना?”

महाराजांनी पाय टेकला. वळून पाहिले. त्या वाटेवर प्रथमच त्यांच्या मुखावर हसू होते.

“येईल,” ते म्हणाले. “मागून.”